क्रीमी लेयरवाल्यांनी गवईसाहेबांकडेच बघावं

14 मे 2025 ला भूषण गवई देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले आणि आपल्या घोडेगावच्या ग्रुपवर निळ्या स्टेटसचा पाऊस पडला. त्याच ग्रुपवर नऊ महिन्यांपूर्वी, 1 ऑगस्ट 2024 च्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर, त्यांना 'समाजद्रोही' म्हटलं गेलं होतं. मित्रांनो, माणूस पुजायचाही नाही आणि त्याला शिव्याही घालायच्या नाहीत. निकाल वाचायचा.

त्या निकालात गवईंनी स्वतंत्र मत लिहून अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर लावायची बाजू घेतली. बड्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि खेड्यातल्या शाळेतला मुलगा एका मापाने मोजू नका, हा त्यांचा मुद्दा. ऐकायला गोड आहे. पण आरक्षण ही गरिबी हटाव योजना कधीच नव्हती. ते अस्पृश्यतेवरचं उत्तर आहे, प्रतिनिधित्वाचा हक्क आहे.

त्यांचंच बघा. वडील रा. सू. गवई, रिपब्लिकन नेते, पुढे राज्यपाल. तरी 18 मे ला सरन्यायाधीश म्हणून मुंबईत आले तेव्हा मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, पोलीस आयुक्त स्वागताला नव्हते. योगायोग म्हणा हवं तर. 6 ऑक्टोबरला भर कोर्टात एका वकिलाने त्यांच्यावर बूट फेकायचा प्रयत्न केला, तोही धर्माच्या नावाने. त्या खुर्चीनेही जात झाकली जात नसेल, तर तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या पोरीला कुठल्या दाखल्यावर 'पुढारलेली' ठरवणार? शेजारच्या सोनईत 2013 मध्ये तीन मेहतर तरुण मारले गेले. त्यांचा उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला होता?

श्रेय द्यायचं तिथे देऊ. नोव्हेंबर 2024 मध्ये बुलडोझरला लगाम घालणारा निकाल त्यांच्याच खंडपीठाचा. त्यांच्याच काळात सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचारी भरतीत अनुसूचित जाती-जमातींचं रोस्टर आलं. मग कारकुनाच्या खुर्चीला रोस्टर आणि न्यायाधीशाच्या खुर्चीला 'गुणवत्ता', हे कसं?

वर्णद्वेषातून बाहेर पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने 1996 च्या राज्यघटनेतच, कलम 174 मध्ये, लिहून ठेवलं: न्यायाधीश नेमताना देशाची वांशिक आणि स्त्री-पुरुष रचना न्यायासनावर उमटावी, याचा विचार झालाच पाहिजे. आपल्याकडे सगळं कॉलेजियमच्या बंद दाराआड. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमलेले न्यायाधीश 715, त्यात अनुसूचित जातींचे 22. हा आकडा सरकारनेच 2025 मध्ये संसदेत दिला.

23 नोव्हेंबरला गवई निवृत्त झाले. खासदार मतं मागायला घोडेगावात आले की रस्त्या-गटारासोबत हेही विचारा: तसं कलम इथे कधी आणणार?