धांवपटू जेसी ओवेन्स व आपलीं राबणारीं मुलें



१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, अमेरिकेंतील काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केलें. तशाच एका गुलामाच्या नातवाची ही हकीकत आहे.

जेसी ओवेन्स हा १९१३ सालीं अलाबामा प्रांतांत, ओकव्हिल गांवीं जन्मला. बाप दुसऱ्याची जमीन बटाईनें करी. पुढें पोट भरण्यासाठीं सारें घर क्लीव्हलंड शहरीं गेलें. तेथें शाळा सुटली कीं हा पोर जोडे दुरुस्तीच्या दुकानांत काम करी. मग धांवण्याचा सराव करणार केव्हां? चार्ल्स रायली नांवाच्या त्याच्या मास्तरांनीं त्यास नालायक ठरविलें नाहीं. त्यांनीं सरावाची वेळच बदलून शाळेपूर्वीं, सकाळीं ठेविली!

मीही गांवचा मास्तरच. गुरांना वैरण घालून उशिरां येणारीं मुलें मीं कितीदां दाराबाहेर उभीं केलीं आहेत! तें आठवून आज मला लाज वाटते.

त्या पोरानें पुढें काय केलें तें ऐका. २५ मे १९३५ रोजीं ॲन आर्बर येथें पाऊण तासांत त्यानें तीन जागतिक विक्रम मोडले व चौथ्याची बरोबरी केली. १९३६ सालीं बर्लिन येथें हिटलरशाहीला आपल्या आर्यवंशाचा मोठेपणा जगास दाखवावयाचा होता. तेथेंच ओवेन्सनें १०० मीटर १०.३ सेकंदांत व २०० मीटर २०.७ सेकंदांत जिंकले, ८.०६ मीटर लांब उडी मारली, सांघिक शर्यतही जिंकली आणि चार सुवर्णपदकें घेतलीं. जन्मानें श्रेष्ठ म्हणविणाऱ्यांचा दिमाख तेथेंच उतरला.

परंतु मायदेशीं काय झालें? न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलांत त्याचा सत्कार, तेथेंच त्यास सामानाच्या लिफ्टनें वर जावें लागलें. पोटासाठीं तो घोड्यांशीं शर्यती धांवला. राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें मोठा सन्मान मिळाला तो १९७६ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांनीं! १९८० सालीं तो वारला.

टाळ्या वाजविण्यास खर्च येत नाहीं. दार उघडण्यास येतो. रायली मास्तरांनीं आपली सकाळ खर्चिली. तेव्हां शिक्षकहो, राबून येणाऱ्या मुलास आधीं वर्गांत घ्या, मग कारण विचारा. आणि आईबापांनो, कामांतून रोज एक तास तरी त्याच्या अभ्यासाला व खेळाला मोकळा ठेवा. गुण आपल्या घरांतही आहे. अडली आहे ती वेळ.

— एक गांवचा मास्तर