कोब्याच्या आत काय, बाहेर काय

घरालगतच्या शेडमध्ये लेथ, ड्रिल, वेल्डिंग आणि काँप्रेसर मांडायचं ठरलं की पहिला वाद जमिनीवरूनच होतो. गवंडी म्हणतो, सगळ्या लाइनी आधी टाकून घ्या, वरून काँक्रीट एकदम ओतू. वायरमन म्हणतो, भिंतीवरून नेऊ, उद्या मशीन हलवलं तर काय करणार? दोघांचंही खरं आहे.

खोलीच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या मशीनला जमिनीखालून वीज दिली तर पायात वायर येत नाही, लोखंडाच्या धारदार किसाने तिचं आवरण कापलं जाण्याची भीती राहत नाही. पण घरच्या वर्कशॉपची मांडणी पहिल्या वर्षीची दुसऱ्या वर्षी क्वचितच राहते. मशीन जखडायला अँकर बोल्टचं भोक पाडताना खाली वायर लागली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय जमिनीतल्या पाइपात पावसाळ्यात पाणी शिरतं.

माझं मत असं, की काँक्रीटखाली मोजकेच पाइप जावेत आणि वायर नंतर ओढता यावी. मुख्य पुरवठ्यासाठी एक रुंद पाइप, मधल्या मशीनसाठी एक आणि एक रिकामा, राखीव. प्रत्येकात नायलॉनची दोरी सोडलेली, तोंडं जमिनीच्या वर उचलून झाकलेली. सांडपाण्याची लाइन अर्थातच खालून. काँक्रीट ओतण्याआधी टेप लावून फोटो काढावेत. बाकी सगळी वायरिंग भिंतीवरून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह, आणि अर्थिंग चोख. हवेची लाइन तर वरूनच हवी. दाबलेली हवा थंड झाली की पाणी सुटतं, म्हणून पाइपाला उतार देऊन टोकाला ड्रेन कॉक बसवावा आणि प्रत्येक फाटा वरच्या अंगाने काढावा. या कामाला स्वस्तातला पीव्हीसी पाइप वापरू नये. फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

एवढा विचार लाइनींचा करतात, तेवढा जमिनीखालच्या भरावाचा होत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. काळ्या मातीवर टाकलेला कोबा माती फुगली की उचलला जातो, आटली की भेगाळतो. ती माती काढून मुरूम साधारण १५ सेंमीच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकत भरावा लागतो. कोकणात ओल वर चढते, तिथे काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद घालावा.

उताराचं मात्र खरंच अवघड आहे. जमीन धुवायची तर उतार हवा, लेथला सपाट जागा हवी. मी मशीनची बाजू सपाट ठेवून फक्त दाराजवळच्या पट्टीला उतार देईन. लेथच्या पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवत बसणं कंटाळवाणं असतं.

घाईच्या बाबतीत दोन बाजू मला दिसत नाहीत. दुकानात मिळणारं सिमेंट बहुधा मिश्र असतं. त्याला किमान १० दिवस, कडक उन्हात १४ दिवस ओल लागते. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. काँक्रीट १० सेंमी जाड असेल तर दर अडीच-तीन मीटरवर सांधा पहिल्या दिवशीच कापून ठेवावा, म्हणजे भेग पडली तरी तिथेच पडेल. आणि जड लेथ येणारच असेल, तर त्याच्या जागी काँक्रीट आधीपासूनच जाड धरावं.