गावचा संघ

हुतूतूला लागते तरी काय? भुसभुशीत जमीन, फक्कीच्या रेघा आणि सात गडी. म्हणून हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावासारख्या खेड्यालाही हा खेळ परवडतो. कबड्डी या नावाने तोच १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत जाऊन पोहोचला.

परंतु यात्रेतील सामन्यांना मोठी बक्षिसे लागली, की काही गावांना मोह पडतो. ती परगावचे नामांकित खेळाडू पैसे देऊन उतरवितात. ढाल गावात येते. गावची पोरे मात्र रेघेबाहेर बसून टाळ्या वाजवितात. मग ती ढाल कोणाची म्हणावी?

आयर्लंडमध्ये हर्लिंग हा काठी व चेंडूचा प्राचीन खेळ आहे. तेथील खेडूत आपल्याच गावच्या संघातून खेळतो. डब्लिनच्या क्रीडांगणावर ऐंशी हजार प्रेक्षकांपुढे अंतिम सामना खेळणाऱ्यालाही वेतन नसते. एरवी तो शेतकरी असतो, शिक्षक असतो.

गरीब खेळाडूला चार पैसे मिळू नयेत, असे कोण म्हणेल? त्यासाठी शहरांचे व्यावसायिक संघ आहेत. गावच्या संघात मात्र गावचेच सात गडी असावेत, मग ते पहिल्या फेरीतच बाद का होईनात! चढाईत कोठे चुकले, हे त्यांना दुसऱ्या दिवशी बांधावर गाठून सांगता येते. परगावचा गडी तर रात्रीच निघून गेलेला असतो.