बुडण्याआधीची तहान

2021 च्या नोव्हेंबरात ग्लासगोला हवामान परिषद भरली होती. त्या वेळी तुवालू या देशाचे मंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभे राहून केलेले भाषण जगभर दाखवले गेले. चित्र परिणामकारक होते यात शंका नाही. माझी तक्रार आहे ती त्यातून जगाने घेतलेल्या अर्थाविषयी. लहान बेटे म्हणजे बुडणारी बेटे, एवढेच आपण उचलले. आणि बुडणाऱ्याला मदत करायची म्हणजे एक तर भिंत बांधायची, नाहीतर त्याला ओढून बाहेर काढायचे. मधले काही सुचतच नाही.

तुवालूचा पसारा तो केवढा! पॅसिफिक महासागरातली नऊ बेटे, सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर जमीन आणि दहा-अकरा हजार वस्ती. नदी नाही, डोंगर नाही. सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रापासून पाच मीटर भरत नाही. अशा प्रवाळाच्या बेटावर गोडे पाणी येते कोठून? पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराचा थर होऊन राहते. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या या थरापर्यंत खड्डे खणून त्यांत पुलाका लावला. पुलाका म्हणजे आपल्या अळूचाच धिप्पाड भाऊबंद. त्याचा कंद हे तिकडचे जुने अन्न.

राजधानी फुनाफुटी येथे समुद्र गेल्या तीस वर्षांत सुमारे 15 सेंटिमीटर चढला, असे अमेरिकेच्या नासा या संस्थेने 2023 मध्ये सांगितले. वीतभरसुद्धा नाही, असे कोणी म्हणेल. पण गोड्या पाण्याचा तो पातळ थर नासायला वीतभर लागत नाही. मोठ्या उधाणाला खारे पाणी जमिनीतून वर येते, वादळात ते वरून येते, आणि खड्ड्यातला पुलाका कुजतो. बांधाला खांड पडल्यावर शेताचे काय होते, हे आपल्या अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या माणसाला समजावून सांगायला नको. त्याला निदान मागे सरकायला सह्याद्री तरी आहे.

म्हणून तिथे सारी भिस्त छपरावरून टाकीत साठवलेल्या पावसावर. 2011 मध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा तुवालूला आणीबाणी पुकारावी लागली आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांना खारे पाणी गोडे करणारी यंत्रे विमानाने पाठवावी लागली. त्या दिवसांत समुद्र काही घरात शिरला नव्हता. लोक तहानेने हैराण झाले होते.

आता मदतीकडे वळू. हरित हवामान निधीने तुवालूला 3 कोटी 60 लाख डॉलर मंजूर केले आणि फुनाफुटीत समुद्रात भराव घालून सात हेक्टरांहून अधिक उंच जमीन तयार झाली. या कामाला मी नावे ठेवत नाही. ते हवेच होते. परंतु भराव दुरून दिसतो, त्याचे छायाचित्र चांगले येते. पन्हळी बदलणे, टाक्या धुणे, यंत्राचा सुटा भाग वेळेवर पोचवणे, ते चालवणारा माणूस शिकवणे, या गोष्टींच्या कोनशिला बसत नाहीत. माझ्या मते खरी मदत तीच, आणि ती वर्षानुवर्षे करावी लागते.

दुसरी तऱ्हा ऑस्ट्रेलियाची. 2023 मध्ये झालेला फालेपिली करार 2024 मध्ये अमलात आला. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. त्यानुसार वर्षाला 280 तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात राहता येईल. 2025 च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी नावे घातली. ज्याला जायचे त्याने अवश्य जावे. पण याच करारान्वये तुवालूने इतर कोणाशी संरक्षणाचा करार करायचा तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती हवी. आणि हा शेजारी जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा-निर्यातदारांपैकी एक! घरी प्यायला पाणी असताना माणूस परदेशी गेला, तर त्याला निवड म्हणता येईल. एरवी कसली आली निवड?

या बाबतीत मला सर्वांत अभिमान वाटतो तो विद्यार्थ्यांचा. 2019 मध्ये वानुआतूत कायदा शिकणाऱ्या, आपल्याच वयाच्या 27 मुलामुलींनी वर्गातून सुरू केलेली मागणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोचली. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने मत दिले, की हवामान राखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. तरीही जगातल्या सरकारी हवामान-निधीचा मोठा भाग आजही कर्जाऊच दिला जातो. ज्यांचा धूर जगाच्या धुरात एक टक्काही नाही, त्यांना कर्ज!

आपणही बाजूला उभे राहू शकत नाही. माणशी हिशेबाने आपला धूर थोडा, हे खरे. पण एकूण धुरात भारताचा क्रमांक तिसरा लागतो. डिसेंबर 2014 मध्ये मालदीवच्या माले शहरातील पाणी गोडे करणाऱ्या कारखान्याला आग लागली, तेव्हा भारताने विमाने आणि जहाजे भरभरून पाणी पाठवले. काम चोख झाले. आता संकटाची वाट न पाहता टाक्या, सौर विजेवर चालणारी छोटी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर तयार करण्याचे वर्ग द्यावेत. कोणत्या बेटाला आधी, हे बेटवाल्यांनी ठरवावे, आणि त्याची परतफेड मागू नये.