दुकान काढा हो, दुकान!

कलावंताने पैशाकडे पाहू नये, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले तो माणूस बहुधा दलाल असावा. कलावंताची नजर आभाळाकडे लागली की त्याच्या खिशाकडे कोणाची लागते, हे त्याला बरोबर ठाऊक असणार. आणि आपण मध्यमवर्गीय मंडळी तर या वाक्यावर जन्मजात लट्टू! गवयाने बिदागी मोजून घेतली की आपल्याला त्याचा षड्ज हलल्यासारखा वाटतो. चित्रकाराने चित्राखाली किमतीची चिठ्ठी लावली की 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' असे पुटपुटत आपण चहाच्या टेबलाकडे वळतो. वाण्याने मात्र तूरडाळीचा भाव पाटीवर लिहिला नाही तर आपणच त्याच्यावर डाफरतो.

माझे म्हणणे साधे आहे. ज्याला म्हणून स्वतःच्या हाताने काही घडवता येते, त्याने इंटरनेटवर स्वतःचे दुकान काढावे. दुसऱ्याच्या मॉलमधला गाळा नव्हे, स्वतःचे दुकान. पाटीवर आपले नाव, गल्ल्यावर आपण, आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही आपल्या फडताळात.

यात कलेचा अपमान बिपमान काही नाही. न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर पाचशे वर्षांपूर्वीचा, युरोपातल्या थोर चित्रकारांपैकी एक. त्याची छापचित्रे कोण विकायचे? त्याची बायको आग्नेस! चित्रांचे गठ्ठे घेऊन ही बाई फ्रँकफर्टच्या जत्रेत जायची. गावच्या बाजारात त्याची आईसुद्धा विकायची. चित्राच्या कोपऱ्यात ए आणि डी ही अक्षरे एकात एक अडकवलेली असत, ती ड्यूररची खूण. इटलीत मार्कान्तोनियो रायमोंदी नावाच्या कलाकाराने चित्रांच्या नकला करताना ती खूणही उचलली होती. म्हणजे चोर तेव्हाही होते. पण बायको बाजारात बसली म्हणून ड्यूररची कला बाटली, असे कुठल्याही इतिहासकाराने लिहिलेले नाही. आपल्याकडे ती बसली असती, तर शेजारपाजारच्यांनी 'घरात काही अडचण आहे का हो?' असे मात्र नक्की विचारले असते.

इतके लांब कशाला? राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाप्रेस काढला. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती सामान्यांच्या देवघरात आली ती या छापखान्यामुळे. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि शेवटी कर्जापायी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. 'बघा, म्हणून कलावंताने धंद्यात पडू नये,' असे यावर कुणीतरी म्हणणारच. अहो, रविवर्म्याला यंत्रे आणावी लागली, जागा घ्यावी लागली, माणसे ठेवावी लागली. आज दुकान काढायला काय लागते? स्वतःच्या नावाचा वेबपत्ता वर्षाला हजारेक रुपयांत येतो. पैसे उतरवून घेणारा गेटवेवाला शेकडा दोनेक रुपये कापतो. राहता राहिला फोन, तो तुमच्या हातात आहेच. नाहीतरी त्यावर सकाळपासून सुप्रभातीचे गुलाबच चालले आहेत!

आता दुसऱ्याच्या बाजाराचा हिशेब करू. हाताने केलेल्या वस्तूंचा जगातला मोठा ऑनलाइन बाजार म्हणजे एट्सी. वस्तू मांडायचे वीस सेंट, तेही चार महिन्यांपुरते. वस्तू विकली की साडेसहा टक्के. पूर्वी हे पाच टक्के होते, 2022 च्या एप्रिलमध्ये वाढले. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवून संप केला. साडेसहा टक्के साडेसहाच राहिले. शिवाय बाजाराने बाहेर केलेल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आले, तर छोट्या विक्रेत्याचे आणखी पंधरा टक्के. छोट्याला यातून निदान बाहेर पडता येते. वर्षाला दहा हजार डॉलरांवर विक्री गेली, की दर बारा टक्के होतो आणि बाहेर पडायची वाट बंद! म्हणजे धंदा वाढवल्याचे बक्षीस म्हणून दाराला कडी. हजाराच्या वस्तूमागे दोनशे पंधरा रुपये असे जातात, पैसे उतरवून घेण्याचा आकार वेगळाच. भिंतीवर चित्र टांगून देणाऱ्या गॅलऱ्या तर बऱ्याच ठिकाणी निम्म्यापर्यंत जातात. त्यांच्याकडे निदान उद्घाटनाला समोसा मिळतो.

पण पैशाचे दुःख मी एक वेळ गिळीन. खरे दुखणे वहीचे आहे. माझी भाची मातीची भांडी करते. चाकावर वाटी उतरवायची, वाळवायची, भाजायची, ग्लेझ द्यायचे, पुन्हा भाजायची; दहातली एखादी भट्टीतच तडकते. असल्या एका बड्या बाजारात तिने तीन वर्षे भांडी विकली. गिऱ्हाइकांनी कौतुकाने चांदण्या दिल्या. एके दिवशी सकाळी तिचे खाते बंद! कारण विचारले तर यंत्राचे उत्तर आले, की नियमांचा भंग झाला आहे. कुठल्या नियमाचा, हे विचारायला माणूसच नाही. ती मला म्हणाली, "मामा, खातं गेलं त्याचं एवढं नाही रे. पण तीन वर्षं माझ्या वाट्यांतून कोण ताक पीत होतं, ते मला माहीतच नाही. एकाचाही पत्ता माझ्याकडे नाही."

नाव बाजाराचे, गिऱ्हाईक बाजाराचे, तिची फक्त माती! त्यात तिच्या वाटीच्या फोटोखालीच 'यासारखे आणखी' म्हणून यंत्रावर काढलेल्या निम्म्या किमतीच्या वाट्या मांडलेल्या. आपल्याच ओट्यावर शेजाऱ्याने टपरी टाकावी आणि भाडे मात्र आपण भरावे, असा हा न्याय.

बरे, मालक सज्जन असला म्हणून भागत नाही. बँडकॅम्प ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची खरोखर चांगली पेठ. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा तिने एका शुक्रवारचे आपले कमिशन सोडून दिले, आणि पुढेही असे शुक्रवार पाळले. पण 2022 मध्ये ही पेठ एका व्हिडिओ गेमच्या कंपनीने घेतली, 2023 मध्ये तिने दुसऱ्याला विकली, आणि जवळजवळ निम्म्या नोकरांना नारळ मिळाला. घरमालक कितीही देवमाणूस असो, घर विकताना तो भाडेकरूला विचारत नाही. हे चाळीत राहिलेल्यांना मी काय सांगावे?

'पण स्वतःच्या दुकानात येणार कोण?' हा प्रश्न खरा आहे, त्याला मी बगल देणार नाही. पहिल्या महिन्यात मावशी येते आणि दुसऱ्या महिन्यात तीच मावशी दुसरा रंग मागते. फोटो काढा, बबलरॅप गुंडाळा, कुरियरवाल्याची वाट बघा, फुटलेल्या वाटीचे पैसे परत करा, हे सगळे आपल्यालाच करावे लागते. राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटीचे नियम सीएला विचारून घ्यावेत. (मोठ्या बाजारात मात्र 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत एक वाटी विकायलाही जीएसटीची नोंदणी लागत होती! मग छोट्यांना आपापल्या राज्यापुरती सूट मिळाली.) म्हणून मी बाजार सोडा म्हणत नाही. प्रदर्शनात जा, मॉलमध्ये गाळा घ्या, इन्स्टाग्रामवर दवंडी पिटा. जत्रेत पाल जरूर ठोकावे, पण घराचे खरेदीखत म्हणून पालाची पावती जपू नये. माझ्या भाचीने आता तसेच केले आहे. विक्री पूर्वीच्या निम्म्यावर आहे. पण वहीत एकशे चाळीस नावे आहेत, आणि नवी भट्टी लागली की एकशे चाळीस जणांना पत्र जाते. ही नावे कुठल्याही यंत्राला पुसता येत नाहीत.

आता थोडे आपल्याबद्दल. कलावंताच्या दुकानात पाऊल टाकताच 'ओळखीतले आहोत, काही कमी करा' म्हणणारे आपणच. बाजाराला दोनशे पंधरा रुपये देताना आपण हूं की चूं करत नाही. तेच कलावंताच्या हाती पडतात म्हटले की आपल्याला एकदम काटकसर आठवते. ओळख असेल तर पूर्ण किंमत द्या, उधार मागू नका, आणि 'ही वाटी माझी बायकोही करील' हे वाक्य निदान बायकोसमोर तरी बोलू नका. ती करील, दुकान काढील आणि पहिले बिल तुमच्याच नावाने फाडील!