दिग्दर्शक बोलले, प्रेक्षकांनी मानले नाही

हॅरिसन फोर्ड यांनी २०२३ साली 'एस्क्वायर' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत एक कबुली दिली. 'ब्लेड रनर'मध्ये आपण रंगवलेला रिक डेकार्ड हा माणूस नसून रेप्लिकंट, म्हणजे घडवलेला कृत्रिम मानव आहे, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होते. आपण फक्त त्याला विरोध करत राहिलो, असे ते म्हणाले. आपण माणूसच आहोत असे रेप्लिकंटलाही वाटायला हवेच असणार, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. हेच फोर्ड त्याआधी वर्षानुवर्षे नेमके उलट सांगत आले होते. दिग्दर्शक रिडली स्कॉट म्हणत 'रेप्लिकंट', फोर्ड म्हणत 'माणूस', आणि हा वाद उकरून काढणे हा मुलाखतकारांचा आवडता उद्योग होता. नटाने हात टेकले, तेव्हा प्रकरण निकाली निघायला हवे होते. निघाले नाही. डेकार्डला माणूस मानणाऱ्यांनी फोर्ड यांच्या कबुलीनंतरही आपला हट्ट सोडलेला नाही, आणि आमच्या मते त्यांनी तो सोडूही नये.

कलावंताने आपल्या कृतीविषयी सांगितलेले ऐकायला प्रेक्षक उत्सुक असतोच. पण ऐकणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. विज्ञानपटांच्या इतिहासात हा फरक जितका ठसठशीत दिसतो तितका अन्यत्र क्वचित दिसतो. कारण उघड आहे. कौटुंबिक चित्रपटातले घर प्रेक्षकाच्या ओळखीचे असते. विज्ञानपटातले जग मात्र सर्वस्वी निर्मात्याने रचलेले असते. त्यामुळे त्या जगाचे नियम सांगण्याचा हक्क आपलाच, असे दिग्दर्शकाला वाटू लागते.

याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वी झाली. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती प्रथम पाहिल्या तेव्हा आपल्याला ही कल्पना सुचली, असे लांग आयुष्यभर सांगत राहिले. गोष्ट सुरेख आहे. अडचण एवढीच की लांग अमेरिकेला निघण्याआधीच त्यांच्या पत्नी थिआ फॉन हार्बू यांचे पटकथेचे काम झालेले होते. उतारवयात तर लांग हा चित्रपट आपल्याला आवडतच नाही, असे सांगू लागले. प्रेक्षकांनी त्यांचे म्हणणे ऐकले आणि 'मेट्रोपोलिस' पाहणे चालूच ठेवले. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये या चित्रपटाची हरवलेली दृश्ये असलेली प्रत सापडली, त्याचा आनंद जगभर साजरा झाला तो काही लांग यांच्या शिफारशीवरून नव्हे.

स्टॅन्ली कुब्रिक यांनी दुसरे टोक गाठले. '२००१ : अ स्पेस ओडिसी' १९६८ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमध्ये लागला, तेव्हा सुरुवातीच्या खेळांना लोक उठून गेले. कुब्रिक यांनी चित्रपट सुमारे १९ मिनिटांनी कापला, पण स्पष्टीकरणाचा एक शब्दही त्यात घातला नाही. उलट, सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या मुलाखती आणि पुढे निवेदन अशी जी योजना होती, ती त्यांनी आधीच काढून टाकली होती. शेवटाचा अर्थ विचारला की ते सहसा टाळत. अर्थ शब्दांत सांगितला की प्रेक्षक त्याचाच माग काढत बसतो, ही त्यांची भूमिका होती. सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी मात्र त्याच वर्षी कादंबरी काढून बरेचसे उलगडून सांगितले. म्हणजे एकाच कथेचे दोन जन्मदाते, एक मौनी आणि एक बोलका. ज्याला उत्तर हवे त्याने पुस्तक घ्यावे, ज्याला नको त्याने तिकीट काढावे. अशी सोय पुढे क्वचितच कोणी केली.

१९७६ मध्ये एक वेगळीच प्रथा रुजली. 'स्टार वॉर्स' प्रदर्शित व्हायला कित्येक महिने अवकाश असताना निर्माते गॅरी कर्ट्झ, प्रसिद्धीप्रमुख चार्ल्स लिपिनकॉट आणि तेव्हा कोणालाही माहीत नसलेला नट मार्क हॅमिल हे कॅन्सस सिटीतल्या विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनात जाऊन आपल्या चित्रपटाविषयी बोलले. आधी चित्रपट आणि मग चर्चा, हा क्रम तिथे उलटला. आज विज्ञानपटाच्या प्रसिद्धीचे दौरे होतात, दिग्दर्शक आणि नट मंचावर बसून हजारोंच्या टाळ्या घेतात, आणि प्रेक्षक चित्रपट पाहण्याआधीच त्याविषयीचे मत बनवून बसतो. त्याचे मूळ तिथे आहे.

'ब्लेड रनर' या दोन काळांच्या सांध्यावर जन्मला, म्हणून त्याची कहाणी सविस्तर सांगण्याजोगी आहे. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून हॅम्प्टन फॅन्चर आणि डेव्हिड पीपल्स यांनी पटकथा लिहिली. काळ नोव्हेंबर २०१९, स्थळ पावसात भिजणारे लॉस एंजेलिस. पळून आलेल्या रेप्लिकंटांना शोधून ठार करणे हे डेकार्डचे काम. चित्रीकरणाच्या काळात स्कॉट यांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले की इंग्लंडमधले तंत्रज्ञ आपल्याला बरे वाटतात. ते 'येस, गव्हनर' म्हणून कामाला लागतात. हे कात्रण सेटवर पोहोचले. अमेरिकन कामगारांनी त्या दोन शब्दांची खिल्ली उडवणारे टी-शर्ट छापून घेतले, आणि स्कॉट यांनी परकीयांच्या द्वेषाचा निषेध करणारा टी-शर्ट घालून उत्तर दिले. दिग्दर्शकाच्या बोलण्यावर उमटलेली ही पहिली प्रतिक्रिया. चित्रपट तेव्हा पुराही झालेला नव्हता.

दुसरी प्रतिक्रिया महागात पडली. मार्च १९८२ मध्ये डेन्व्हर आणि डॅलस येथे चाचणीचे खेळ झाले. प्रेक्षकांकडून अभिप्रायाची कार्डे भरून घेतली गेली आणि त्यांतून दिसले की लोक गोंधळले आहेत. दोष त्यांचा नव्हता. 'स्टार वॉर्स'मधला आणि 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधला फोर्ड पाहायला ते आले होते आणि पडद्यावर थकलेला, मार खाणारा, एका निःशस्त्र बाईच्या पाठीत गोळी घालणारा पोलीस होता. पैसा घालणाऱ्यांनी दोन उपाय केले. एक, फोर्ड यांच्या आवाजातले निवेदन. दोन, डेकार्ड आणि त्याची प्रेयसी, रेप्लिकंट रेचल, हिरव्या डोंगरातून मोटारीने निघून जातात असा गोड शेवट. त्या डोंगरांची दृश्ये कुठून आली? कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'मधल्या न वापरलेल्या रिळांतून. ज्या माणसाने स्पष्टीकरण देणे शक्यतो टाळले, त्याची उरलेली फिल्म दुसऱ्याच्या चित्रपटाला सोपे करण्यासाठी वापरली गेली.

निवेदन लादले गेले, असे पुढे सारेच म्हणू लागले. करारामुळे आपल्याला ते करावे लागले, असे फोर्ड यांनी अनेकदा सांगितले. मात्र पटकथेच्या सुरुवातीच्या खर्ड्यांतही निवेदन होते, ही गोष्ट या कहाणीत सहसा गाळली जाते.

२५ जून १९८२ रोजी चित्रपट लागला. दोन आठवड्यांपूर्वी 'ई. टी.' आलेला होता आणि लोकांना परग्रहावरचे प्रेमळ बाळ हवे होते. सुमारे २.८ कोटी डॉलर खर्चाचा 'ब्लेड रनर' आपटला. पॉलीन केल यांच्यासारख्या समीक्षकांनी झोडपला. डिक तर मार्चमध्येच वारले होते. मृत्यूपूर्वी काही महिने पाहिलेल्या मोजक्या दृश्यांनी मात्र ते हरखून गेले होते.

मग प्रेक्षकांनी तो हळूहळू आपलासा केला. व्हिडिओ कॅसेट आल्या होत्या, चित्र थांबवून पाहता येत होते. लोक मोजू लागले. पोलीस अधिकारी सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले आणि एक विजेच्या धक्क्याने मेला. उरले पाच. पडद्यावर दिसतात चारच. पाचवा कोण? डेकार्ड स्वतःच, असा तर्क निघाला. खरे कारण साधे होते. एक पात्र चित्रपटातून काढून टाकले गेले आणि संवाद बदलायचा राहिला. पण गफलतीतून निघालेल्या या तर्काने चित्रपटाला नवे आयुष्य दिले. (२००७ च्या आवृत्तीत तो संवाद दुरुस्त केला गेला. आम्हाला विचाराल तर करायला नको होता.)

मे १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स चित्रपटगृहात एका जुन्या ७० मिलिमीटर प्रतीचा खेळ लागला. ती निघाली चाचणीच्या काळातली कच्ची प्रत. गोड शेवट नाही आणि निवेदन जवळजवळ नाहीच. प्रेक्षक खूश झाले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या खेळांना गर्दी लोटली. संगीत नाटकातले प्रेक्षक 'वन्स मोअर' देऊन पद पुन्हा गाऊन घेत, तसे या प्रेक्षकांनी स्टुडिओकडून अख्खा चित्रपटच पुन्हा मागून घेतला. १९९२ मध्ये 'दिग्दर्शकाची आवृत्ती' आली. त्यात निवेदन गेले, डोंगर गेले, आणि एक नवे दृश्य आले : डेकार्डच्या स्वप्नातला युनिकॉर्न, एकशिंगी घोडा.

या घोड्याने सगळे उलटेपालटे केले. शेवटी गॅफ हा पोलीस कागदाचा छोटा युनिकॉर्न डेकार्डच्या दारात ठेवून जातो, हे १९८२ च्या चित्रपटातही होते. तेव्हा अर्थ एवढाच होता की गॅफ येऊन गेला आणि त्याने रेचलला जिवंत सोडले. स्वप्न जोडल्यावर प्रश्न पडतो की गॅफला डेकार्डचे स्वप्न कळले कसे? ते पेरलेले असले तरच! १९९० मध्ये लोकांनी डोक्यावर घेतलेल्या त्या प्रतीत मात्र हे स्वप्न नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रेक्षकांनी स्पष्टीकरण काढायला सांगितले होते. स्कॉट यांनी ते काढले आणि त्याच्या जागी आपला खुलासा ठेवला. २००० साली ब्रिटनच्या 'चॅनल फोर'वरील माहितीपटात त्यांनी तो उघड बोलूनही दाखवला. डेकार्ड रेप्लिकंटच आहे, विषय संपला, असा त्यांचा आविर्भाव होता.

ही कल्पना स्कॉट यांना सुचली कशी, याचा पीपल्स यांनी सांगितलेला किस्सा फार बोलका आहे. त्यांनी एका खर्ड्यात डेकार्डच्या तोंडी एक चिंतन लिहिले होते : मीही एका अर्थाने लढण्यासाठी घडवलेलाच, आणि रॉय बॅटी (पळालेल्या रेप्लिकंटांचा म्होरक्या) माझा दिवंगत भाऊ. हे रूपक होते. स्कॉट यांनी ते शब्दशः घेतले. पुढे त्यांची मते वाचून पीपल्स चकित झाले. म्हणजे जिला आपण दिग्दर्शकाचा अधिकृत अर्थ म्हणतो, ती मुळात एका वाचकाची प्रतिक्रिया होती, लेखकाच्या मनात नसलेली. दुसऱ्याच्या ओळीत आपला अर्थ वाचण्याची मुभा स्कॉट यांना असेल, तर डेन्व्हरच्या, फेअरफॅक्सच्या किंवा कॅसेट थांबवून मोजणी करणाऱ्या प्रेक्षकालाही ती असली पाहिजे.

फोर्ड यांचा आक्षेप नटाचा होता आणि तो नीट ऐकण्याजोगा आहे. पडद्यावर एक तरी माणूस असा हवा, ज्याच्याशी प्रेक्षक नाते जोडू शकेल, असे ते म्हणत. रॉय बॅटी रंगवणाऱ्या रटगर हाउअर यांचेही मत काहीसे असेच होते : डेकार्डही कृत्रिम असेल, तर माणूस आणि यंत्र यांच्यातला संघर्षच उरत नाही. हे मान्य केले की शेवटच्या प्रसंगाचे वजन कळते. मरणारा कृत्रिम प्राणी आपल्याला मारायला आलेल्या माणसाला वाचवतो. तिथे दोन्हीकडे रेप्लिकंट बसवले तर प्रसंग अर्धा होतो. त्यातले गाजलेले अखेरचे शब्दही हाउअर यांनी पटकथेतले बरेच काही कापून स्वतः घडवलेले आहेत. फॅन्चर तर म्हणत आले की प्रश्न हाच उत्तरापेक्षा अधिक रंजक. डेनी व्हिलनव्ह यांनी २०१७ मध्ये पुढचा भाग काढताना लेखकाचे ऐकले; 'ब्लेड रनर २०४९' पाहून दोन्ही पक्ष आपापले मत घेऊन घरी गेले.

स्कॉट यांनी चित्रपट बनवला तेव्हा ते थोर होते. तो समजावून सांगितला तेव्हा ते एक मत असलेले प्रेक्षक होते, इतकेच. २००७ च्या डीव्हीडी संचात 'ब्लेड रनर'च्या पाच आवृत्त्या एकत्र मिळतात. ज्यांनी तो अजून पाहिला नसेल (या लेखाने थोडा रसभंग केलाच आहे), त्यांना विनंती अशी की आधी त्या वर्षीची अंतिम आवृत्ती पाहावी, जमल्यास १९८२ ची निवेदनासहितची आवृत्तीही पाहावी, डेकार्डविषयी आपले मत ठरवावे, आणि स्कॉट व फोर्ड यांच्या मुलाखती त्यानंतरच उघडाव्यात.