विहीर सामाईक, वकील वेगळे



आपल्या पत्रकात एरवी सत्काराच्या, मेळाव्याच्या आणि निवडणुकीच्या बातम्या असतात. या वेळी आम्ही कोणालाच न आवडणारा विषय घेत आहोत. कोणाला वाईट वाटले तर वाटो, पण लिहिणे भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात निंबोल्याच्या शिवारात आपल्याच दोन घरांत पाण्यावरून जे झाले ते सर्वांना माहीत आहे. नावे लिहीत नाही. आजोबांनी खोदलेली एक विहीर आणि तिच्यावर दोन चुलतभावांची पाळी. चार दिवस याचे, चार दिवस त्याचे, अशी मोटेच्या काळापासून चालत आलेली. मोट जाऊन इंजिन आले, इंजिन जाऊन मोटर आली, पाळी तीच राहिली. मग एकाने बांधाच्या कडेला ट्यूबवेल घेतली. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला. दुसऱ्याची केळी ऐन निसवणीत वाळू लागली. त्याने आपल्या शेतातून जाणारी पहिल्याची पाइपलाइन तोडली. एक रिपोर्ट झाली, उलट रिपोर्ट झाली, दोघांनी वकील लावले. आज विहीर कोरडी आहे आणि पेशी चालू आहे. लग्नकार्यात एका पंगतीला बसणारी माणसे एकमेकांच्या दारावरून जात नाहीत.

आणि आपण काय केले? काही जण याच्या बाजूने पोलिसांत गेले, काही त्याच्या बाजूने. एकाही पुढाऱ्याने विहिरीवर जाऊन पाणी किती आहे हे पाहिले नाही. भांडणात माणसे मोजली, पाणी कोणी मोजले नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. हे भांडण कोर्टाने सुटणारे नव्हते आणि लाठीने तर नव्हतेच. ते वेळेवर लिहिलेल्या एका कागदाने टळले असते. तो कागद लिहिण्याची सोय कायद्यात आहे, आणि आपण ती वापरत नाही.

हक्क कशावर आहे?

आपल्यातला प्रत्येक जण म्हणतो, "आमचे पिढीजात पाणी." हे वाक्य कधी खरे आहे आणि कधी नाही, हे एकदा नीट समजून घ्या.

सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे. शेजाऱ्याच्या शेतातून तुमचा पाट किंवा दांड उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षे चालत असेल, तर तो तुमचा हक्क होतो. शेजारी तो बुजवू शकत नाही. नाल्याकाठी शेत असेल तर नाल्याचे पाणी शेताला घेता येते, मात्र दुसऱ्या काठकऱ्यांचे मोठे नुकसान होईल इतके नाही. विहीर सामाईक असेल तर ती सर्व हिस्सेदारांची आहे, एकाने दुसऱ्याला तिच्यावरून हुसकावता येत नाही. इथपर्यंत पिढीजात हक्काला अर्थ आहे.

पण जमिनीखाली झिरपणारे पाणी निराळे. त्याच कायद्याचे कलम १७ सांगते की ठरावीक प्रवाहातून न वाहणाऱ्या भूमिगत पाण्यावर वहिवाटीने हक्क मिळत नाही. वीस वर्षे काय, दोनशे वर्षे विहीर भरलेली असो. शेजाऱ्याने स्वतःच्या शेतात बोर मारली आणि तुमची विहीर आटली, तर हा जुना कायदा तुमच्या बाजूने उभा राहत नाही. हा विचार साहेबाच्या देशातून आला. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये एका कापड गिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली, तेव्हा कोर्टाने गिरणीवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. तेव्हा सबमर्सिबल पंप नव्हता. आज तो प्रत्येक बांधावर आहे, आणि कायदा मात्र तोच.

म्हणून ट्यूबवेलवाला म्हणतो, "माझी जमीन, माझा पैसा, माझी बोर." कायद्याने तो बरोबर आहे. पण बाबा रे, हाच कायदा तुझ्या पलीकडच्या शेजाऱ्यालाही तोच अधिकार देतो. तू तीनशे फूट गेलास, तो पाचशे जाईल. मग तू कोणत्या तोंडाने तक्रार करशील?

बँकेच्या काउंटरमागे बसून आम्ही हे रोज पाहतो. एका बांधावर दोन बोअर, दोन मोटरी, दोन कर्जे, आणि खाली पाणी एकच. खाते एक, काढणारे चार आणि भरणारा कोणी नाही, अशा खात्याचे काय होते हे सांगायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

तहसीलदाराकडचे कलम

आता ज्याविषयी आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांना माहिती नाही ते सांगतो. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ चे कलम १३१. शेतकऱ्याने पाणी कोणत्या स्रोतातून किंवा कोणत्या मार्गाने घ्यावे असा वाद झाला, तर तहसीलदार जागेवर चौकशी करून, पूर्वीची वहिवाट पाहून आणि सर्व पक्षांची सोय लक्षात घेऊन निर्णय देऊ शकतो. असा निर्णय झाल्यावर कोणी पाट किंवा पाण्याचा स्रोत अडवला, तर अडथळा काढण्याचा हुकूम कलम १३३ खाली होतो. निर्णय पटला नाही तर दिवाणी कोर्टाचा रस्ता उघडाच राहतो. म्हणजे यात गमावण्यासारखे काही नाही.

सीमेपलीकडे रावेर-मुक्ताईनगरला आपले सोयरे आहेत. त्यांच्याकडे अशा तक्रारीसाठी १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पाहुण्याने सांगितलेला कायदा इथे चालत नाही. इथे १३१.

या कलमातला मुख्य शब्द आहे पूर्वीची वहिवाट. ती सिद्ध कशी करणार? आपल्या प्रांतात बंदोबस्ताच्या वेळी गावोगावी वाजिब-उल-अर्ज लिहिले गेले, त्यात गावच्या वहिवाटी नोंदवल्या. आजच्या संहितेतही कलम २४२ आहे. खाजगी जमिनीतल्या किंवा पाण्यातल्या सिंचनाच्या आणि रस्त्याच्या हक्काची नोंद त्यात होते. आपल्या गावाचे वाजिब-उल-अर्ज किती जणांनी पाहिले आहे? पंजोबांची सनद चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगतो, पण पाण्याची नोंद असलेल्या कागदाची नक्कल काढायला आपल्याला सवड नाही.

कागद नसेल तर साक्ष राहते. विहिरीवर कोणाची पाळी किती दिवसांची, थारोळ्यातून पाट कोणत्या बाजूने निघत होता, धाव कोणाच्या हिश्शात होती, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी आपण त्यांच्यातल्या दोघा-चौघांना पोचवून येतो. त्यांच्याबरोबर पाळीही जळते. दहा वर्षांनी तहसीलदार विचारील, "पूर्वीची वहिवाट काय होती?" तेव्हा उत्तर द्यायला कोणी नसेल.

जुनेपणाचा माज

इथे एक कडू गोष्ट लिहायची आहे. शेजारी आपला नसून निमाडी, कोरकू, बारेला किंवा मुसलमान असला, की आपल्या बैठकीत सूर बदलतो. "आम्ही इथले जुने, पेशव्यांच्या वेळेपासूनचे." १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर आणि अशीरगड मराठ्यांकडे आले, हे खरे. पण त्या इतिहासाने आजच्या विहिरीत एक घागर पाणी वाढत नाही. जुनेपणा हा हक्क नाही, ती जबाबदारी आहे. जुन्या माणसाला वहिवाट जास्त माहीत असते, म्हणून ती पाळण्याची आणि लिहिण्याची जबाबदारी आधी त्याची.

जुनेपणाचा अभिमानच असेल तर पूर्वजांसारखे वागा. आपल्यातली कितीतरी घरे खानदेशातून आली. त्या खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडात येई, एका फडात एक पीक, आणि पाणी देणार पाटकरी. खातेदार कितीही मोठा असो, त्याने स्वतः पाटाचे तोंड फोडायचे नाही. मोठ्याच्या शेताला जो नियम तोच लहानाच्या शेताला.

इतके लांब तरी कशाला? लालबागजवळचा कुंडी भंडारा पाहा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूमिगत पाणी शंभराहून अधिक कुंड्या आतून जोडून शहरापर्यंत आणले. मधल्या एका कुंडीत कोणी बोळा घातला तर पुढच्या सगळ्या कोरड्या. ते पाणी एकाचे नाही हे चारशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्याला कळले होते. आपण त्याच पायथ्याला राहतो आणि म्हणतो, माझ्या बांधाखालचे पाणी माझे.

मोठ्या योजनेची वाट पाहू नका

काही जण म्हणतील, तापी मेगा रिचार्ज होणार आहे, मग कशाला चिंता? १० मे २०२५ ला भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी करार केला, चांगलेच झाले. दोन राज्ये तापीच्या पाण्याचा हिशोब लिहून सही करू शकतात आणि दोन चुलतभाऊ एका विहिरीचा करू शकत नाहीत? आणि ते पाणी जमिनीत मुरले तरी उपसणार कोण? ज्याची बोर खोल तोच. वाटणीचा नियम नसेल तर वाढलेले पाणी भांडणच वाढवील.

दुसरे म्हणतील, तहसीलमध्ये तरी काय, तारखांवर तारखा. मान्य आहे. म्हणून तर तिथे भांडण घेऊन जाऊ नका, समझोता घेऊन जा. दोन्ही पक्षांची सही असलेला कागद, नकाशा आणि चार म्हाताऱ्यांचे जबाब समोर असले की चौकशीला विलंब करायला कारण उरत नाही. कोर्टात गेलेली प्रकरणे लोकअदालतीत मिटवता येतात. तिथे भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा पक्का असतो आणि त्यावर अपील नाही.

मंडळाने काय करावे

आमची मागणी मंडळाकडे आहे, आणि मंडळात आम्हीही आहोत.

१. सामाईक विहीर असलेल्या प्रत्येक घराने पावसाळ्याच्या आत पाळी कागदावर लिहावी. दिवस, तास, मोटरची ताकद, गाळ काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा किती, आणि पाणी कमी झाले तर आधी कोणाचे पीक, हे सर्व त्यात यावे. सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात, घरातल्या बायकांच्या आणि नाव चढलेल्या बहिणींच्याही.

२. वाटणी आणि नामांतरणाच्या वेळी विहिरीचा आणि पाटाचा हिस्सा स्पष्ट लिहून घ्यावा. "ते आपसात पाहू" या तीन शब्दांनी जितकी घरे मोडली तितकी दुष्काळाने मोडली नसतील.

३. मंडळाने गावोगावच्या वाजिब-उल-अर्जाच्या नकला काढाव्यात. सत्काराच्या एका कार्यक्रमाचे हारतुरे वाचवले तर नकलांचा खर्च निघेल.

४. जुन्या विहिरीजवळ नवी बोर घ्यायची असेल तर आधी शेजाऱ्याला विचारावे, आणि किती अंतर सोडायचे ते ग्रामसभेत ठराव करून ठरवावे. कायदा सक्ती करीत नाही हे आम्हाला माहीत आहे. १९८६ चा पेयजल परिरक्षण कायदा पिण्याच्या पाण्यापुरता आहे. म्हणूनच मते मागायला येणाऱ्याला विचारा, शेतीच्या भूजलाचा कायदा कधी करणार? उत्तर देणार नाही त्याला आपल्या मंचावर खुर्ची देऊ नका.

५. मंडळाचा कोणताही पदाधिकारी पाण्याच्या भांडणात एका पक्षाबरोबर पोलिसांत जाणार नाही. जायचे तर दोघांना घेऊन विहिरीवर जावे.

त्या दोन घरांना हात जोडून एवढेच सांगणे आहे. पेशी कोणीतरी जिंकेल. पण पुढच्या मे महिन्यात विहिरीत पाणी नसेल तर जिंकलेला कागद केळीच्या बुडाशी घालून काय उगवणार? आजोबांनी विहीर दोघांसाठी खोदली होती. ज्यांनी ती पाळी डोळ्यांनी पाहिली अशी दोन माणसे गावात अजून जिवंत आहेत. त्यांना ओट्यावर बसवा, वही काढा आणि लिहून घ्या. साक्षीला आम्ही येतो.